हात लावू नये

दसऱ्याच्या दिवसांत एखाद्या ऑफिसात शिरलो आणि टाइपरायटरला झेंडूची माळ घातलेली दिसली, की माझं डोकं आजही सणकतं. बायको म्हणते, अहो, त्या बिचाऱ्या टाइपरायटरनं तुमचं काय घोडं मारलंय? टाइपरायटरनं काही नाही मारलेलं. माझं घोडं मारलं ते शिकल्यासवरल्या माणसांनी, आणि तेही हात जोडून, उदबत्ती लावून.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नगर जिल्ह्यात तालुक्याच्या एका गावी मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगत नाही. कुणाला भितो म्हणून नव्हे. नाव घेतलं की लोक त्या एकाच माणसाला शिव्या देऊन मोकळे होतात आणि बाकीचे सगळे सुटतात. मला कुणालाच सोडायचं नाही.

मी मूळचा पारनेर तालुक्यातला. आमची वस्ती गावाच्या कडेला. छप्पननंतर आम्ही बौद्ध झालो, तेव्हा घरातले देव आईनं स्वतः टोपलीत घालून ओढ्यात नेऊन सोडले आणि येताना तीच टोपली शेणानं भरून आणली. रिकामी कशाला आणायची, म्हणाली. आमची आई ही अशी. तिनं मोलमजुरी करून मला एम.एस्सी. केलं. कॉलेजात लागलो तरी अजून प्रोबेशनवर होतो, म्हणजे नोकरी पक्की व्हायची होती, आणि ती पक्की होणं बरंचसं आमच्या विभागप्रमुखांच्या मर्जीवर होतं.

कॉलेजात एक यंत्र होतं. हवा उपसून काढायचं यंत्र. देवळातल्या मोठ्या घंटेएवढी काचेची बरणी उपडी घातलेली आणि तिच्याखाली दोन पंप. पंपांनी आतली हवा ओढून घेतली, जवळजवळ काहीच उरलं नाही, की आत टंगस्टनच्या तारेच्या वेटोळ्यात ठेवलेल्या निकेलच्या इवल्याशा तुकड्याला वीज द्यायची. तो वितळतो, त्याची वाफ होते, आणि वर टांगलेल्या काचेच्या पट्टीवर ती वाफ जाऊन बसते. त्याचा थर तयार होतो. इतका पातळ, की त्याच्यापुढे कागदाला भिंत म्हणावं. मोजक्या अणूंच्या जाडीचा.

हे यंत्र कुणाच्या तरी देणगीतून आलेलं. उद्‌घाटन झालं, पेढे वाटले, आणि प्रमुखांनी त्याच्यावर झालरीचं कापड शिवून घातलं. मी रुजू झालो तेव्हा ते कापड धुऊन इस्त्री केलेलं होतं आणि आत पंपाचं तेल गोंदासारखं घट्ट झालं होतं. पाहुणा आला की प्रमुख कापड उचलून दाखवायचे आणि परत पांघरूण घालायचे. मी ते कापड काढून बाजूला ठेवलं, पंप उघडून साफ केले, यंत्र चालू केलं. तिथपासून आमचं बिनसलं.

आता मी त्यात काय करत होतो ते सांगतो. ऐका, एवढं काही अवघड नाही. निकेल लोहचुंबकाला चिकटतो. त्याचा थर पातळ करत करत गेलात, की कुठेतरी तो ओढला जायचा बंद होतो. बाहेरदेशीच्या मोठ्या प्रयोगशाळांतून तेव्हा म्हणायला लागले होते, की अगदी तळाचे थर मेलेले असतात. शब्दच तो होता, मेलेला थर. त्यात चुंबकपणा नसतोच म्हणे. मला हे पटत नव्हतं. मला वाटायचं, मेलेला बिलेला काही नाही. त्याला हवा लागलीय, ओल लागलीय, कुणाच्या तरी बोटाचं तेल लागलंय. स्वच्छ बसवला, वरून चांदीचं तसंच पातळ पांघरूण घातलं आणि कुणालाही शिवू दिला नाही, तर तो जिवंत निघेल.

इथंच एक सांगून ठेवतो. पुढे माझ्या एका सत्कारात एका वक्त्यानं तळाच्या थराची आणि आमच्या समाजाची जोडी लावली आणि टाळ्या घेतल्या. मी तिथल्या तिथे माइक मागून सांगितलं, की निकेल म्हणजे निकेल. मी आयुष्यभर निकेलवर काम केलं, उपमांवर नाही. आमच्यातल्या माणसानं काही केलं, की त्यात त्याची जात हुडकायची, ही लोकांची खोडच आहे. सत्कार करतानाही ती सुटत नाही.

तर, थर जिवंत आहे की नाही हे मोजायला पुण्याला विद्यापीठात एक फार नाजूक तराजू होता. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये काच लटकवायची आणि ती किती ओढली जाते ते बघायचं. माझे मार्गदर्शक सर तिथं होते. त्यांनी मला दसरा आणि दिवाळी यांच्यामधले दिवस दिले होते. त्यानंतर सर परदेशी जाणार होते आणि तराजू दुसऱ्या लोकांकडे. म्हणजे माझ्या काचा तेवढ्या दिवसांत पुण्याला पोचायला हव्यात, नाहीतर बसा बोंबलत.

आणि काचा पुन्हा करता येण्यासारख्या नव्हत्या. त्याला कारण पाणी. त्या यंत्रातला एक पंप तापतो, त्याच्याभोवती सतत थंड पाणी खेळवावं लागतं. मी तेच पाणी पिंपात साठवून निववून पुन्हा वापरायचो, तरी उडून जाईल तेवढी भर घालावी लागेच. त्या वर्षी विहिरींचे तळ दिसत होते. श्रावण सरता सरता प्राचार्यांनी सांगितलं, बास, आता पंपाला थेंब मिळणार नाही. मी हूं की चूं केलं नाही. माझी आई दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडत होती आणि तिथून सुटली की हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहत होती. मला पाण्याचं मोल कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तोवर काचा झाल्या होत्या. इतक्या चांगल्या झाल्या होत्या म्हणून सांगू, मीच मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली.

काचा मी घट्ट झाकणाच्या जाड बरणीत ठेवल्या, आत ओल शोषून घेणारे निळे खडे घातले आणि बरणीच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी बांधली : हात लावू नये.

त्या पाटीवरून स्टाफरूममध्ये काय हशा पिकला! ‘आता यांचंही सोवळं सुरू झालं बरं का,’ एक जण म्हणाला. ‘आपण शिवलो तर काचांना विटाळ होतो म्हणे,’ दुसरा. प्रमुख चहा पीत होते. बशीतून तोंड वर न काढता म्हणाले, ‘काळ बदलला बाबांनो. आता हे आपल्याला हात लावू नका म्हणणार.’ सगळे हसले. मीही तोंड वाकडं करून हसल्यासारखं केलं, कारण प्रोबेशन. विनोद म्हणे! ज्यांच्या आज्यांनी माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यांची नातवंडं सोवळ्यावर विनोद करणार आणि त्यावर हसायचं कुणी, तर मी.

दसरा जवळ आला तशी आई आली. आम्हा दोघांना नागपूरला जायचं होतं, दीक्षाभूमीवर. रविवार होता, कॉलेज बंद. म्हटलं, चल, मी दिवसभर काय करतो ते तुला दाखवतो. प्रयोगशाळेच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बरणीपर्यंत आली तरी हात मागेच.

‘आई, हात का मागे घेतलेस?’

‘आसू दे. त्या पाटीवर काय लिवलंय?’

‘हात लावू नये.’

‘कुनी? आपन?’

मला राग आला. कुणावर, ते कळेना; तिच्यावर नव्हता एवढं नक्की. मी म्हणालो, ‘कुणीच नाही, आई. सगळ्यांनीच.’

‘सगळ्यांनी? तुज्या त्या मोठ्या सायबानं बी?’

‘त्यांनीसुद्धा.’

आई जी हसायला लागली! तोंडाला पदर लावून, स्टुलाला धरून हसली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. ‘आसली पाटी जलमात न्हाई बगितली,’ म्हणाली. ‘लई झ्याक पाटी हाय रं.’

मग तिला थर बघायचा होता. मी एक बिघडलेली, टाकून द्यायची काच काढली. मधल्या चौकोनात थर, कडेनं कोरी काच, असं असायचं. तिनं उजेडाकडे धरून डोळे बारीक केले. ‘च्या सांडल्यावानी दिसतंय,’ म्हणाली. मी काच घेतली आणि चष्मा पुसताना करतात तसं तिच्यावर ‘हाऽ’ केलं. तोंडाची वाफ काचेवर बसली आणि थराच्या जागी ती वेगळी बसली, कडेला वेगळी. मधोमध चौकोन स्पष्ट उमटला, चारी कोपऱ्यांसकट. क्षणभर राहिला आणि वाफेबरोबर उडून गेला.

‘अगं बया! खिडकी हाय की,’ आई म्हणाली. ‘म्हंजे दिसत न्हाई, पन हाय.’

‘आहे.’

‘मंग झालं तर.’

रजा सांगायला गेलो तेव्हा प्रमुख म्हणाले, ‘खंडेनवमीलाच नाही का तुम्ही? विभागाची पूजा असते.’ खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी जो तो आपापली हत्यारं पुजतो. शेतकरी विळे-कोयते, सुतार करवत, ड्रायव्हर गाडी, आणि आमच्या विभागात तराजू, भिंगं, विजेचे मीटर. मी म्हणालो, ‘मी पूजा करत नाही, सर.’

‘माहीत आहे हो. तुमचं वेगळं.’

हे ‘तुमचं वेगळं’ कुठल्या सुरात म्हणतात, ते ज्याला ऐकून घ्यावं लागतं त्यालाच ठाऊक. मी ते गिळलं. म्हणालो, ‘यंत्राची पूजा करायची तर खुशाल करा. त्या बरणीला तेवढं कुणी हात लावू नका. मला काचा पुण्याला न्यायच्या आहेत.’

‘निश्चिंत जा,’ म्हणाले. शब्दाला शब्द हेच म्हणाले. निश्चिंत जा.

गेलो. मनमाडला गाडीत जे चढलो ते उभ्यानं नागपूरपर्यंत. पण आईला त्याचं काही नव्हतं. गाडीतल्या बायकांना ती आमच्या पोराची पाटी सांगत सुटली होती. सायबानं बी हात लावायचा न्हाई, असं म्हणायची आणि बायका फिदीफिदी हसायच्या. नागपूरला पोचेपर्यंत त्या डब्यातल्या सगळ्यांना माझी पाटी पाठ झाली होती. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. आणि त्याच वेळी इकडे काय चाललं होतं, ते आठवलं की माझ्या अंगाचा अजून भडका उडतो.

परत आलो, आईला पारनेरच्या गाडीत बसवलं आणि सरळ कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेत सुकलेल्या झेंडूचा आणि कापराचा वास. यंत्राच्या मोठ्या बरणीवर हळदीकुंकवाची बोटं. पंपावर नारळ फोडलेला, त्याचं पाणी तेलात उतरलेलं, त्याला मुंग्या लागलेल्या. आणि मोठ्या बरणीच्या भोवती, कमळाच्या पाकळ्या मांडाव्यात तशा, माझ्या काचा मांडलेल्या. लख्ख, आरपार दिसणाऱ्या काचा. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट.

माझी बरणी धुऊन पालथी घातली होती. पाटी तिच्या गळ्यात तशीच होती. तिलाही कुंकू लावलं होतं.

लॅब असिस्टंट हसतमुखानं आला. ‘सर, साहेब म्हणाले, काचा मळक्या दिसतायत, अशा पूजेत मांडू नका. मग रांगोळीनं घासल्या. घरी चांदीची भांडी घासतो ना, तशा. एक चरा पडू दिला नाही बघा.’ त्याच्यावर काय ओरडायचं? सांगितलं ते त्यानं केलं होतं, आणि मन लावून केलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली ती दुसऱ्यासाठी.

प्रमुख त्यांच्या खोलीत पेपर वाचत होते. मी म्हणालो, ‘सर, माझ्या काचा पुसल्या?’

‘मग? घाणेरड्याच ठेवायच्या देवापुढे?’

‘ती घाण नव्हती. ते माझं काम होतं.’

‘अहो, काही दिसत तर नव्हतं त्यांच्यावर.’

‘पाटी दिसत होती ना?’

‘पाटी!’ त्यांनी पेपर खाली ठेवला. ‘देवाच्या कामाला कुणाकुणाची परवानगी काढायची आम्ही? आणि तुम्ही पूजेला थांबला असता, तर जागच्या जागी सांगितलं असतंत. इथं असता तर हे झालं असतं का?’

म्हणजे बघा हं. बरणी त्यांनी उघडली, थर त्यांनी पुसायला लावला, आणि चूक कुणाची, तर माझी, की मी नागपूरला गेलो. ‘निश्चिंत जा’ म्हणणारं तोंडही तेच होतं.

स्टाफरूममध्ये बातमी पोचली. मी एकाला समजावून सांगत होतो, की निकेलच्या वर चांदी होती. बाकीचं कुणाच्या कानात शिरलं नाही, चांदी मात्र शिरली. ‘चांदी होती?’ ‘अरेरे, किती तोळे?’ ‘रांगोळी चाळून बघा म्हणावं, सापडेल.’ एक जण खरोखरच असिस्टंटला विचारून आला, की ते घासलेलं पाणी कुठं ओतलं. कधी नव्हे ती त्या दिवशी लोकांना माझ्या संशोधनाची हळहळ वाटली. धन्य ते लोक!

मी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्य गृहस्थ वाईट नव्हते, पण कुठल्याही भांडणाचा निकाल लावायचा म्हटलं की ते उद्यावर ढकलायचे. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. प्रमुखांनी आपलं म्हणणं किती शांतपणे मांडलं! आवाज चढवावा लागतो तो आमच्यासारख्यांना.

‘सर, त्या काचा मी स्वतः खिडकीशी धरून पाहिल्या होत्या. डाग होते. थर कसला नि काय कसला. ऐन दुष्काळात यांनी कॉलेजचं पाणी पंपाला पाजलं आणि हाती काही लागलं नाही. आता पुण्याला काय तोंड दाखवायचं? म्हणून पूजेवर ढकलतायत. यांचा राग काचांसाठी नाही, सर. यांचा राग पूजेवर आहे.’

काम गेलं ते गेलंच. आता मी ते केलंच नव्हतं, असं झालं होतं. खोटारडा ठरलो, आणि वर दुष्काळात पाणी नासणारा.

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘तुमच्या कायम होण्याचा विषय लवकरच संस्थेच्या मंडळापुढे येतोय,’ ते मला म्हणाले. ‘असं काही बोललं गेलं तर मला उत्तर द्यावं लागेल. त्या काचांवर काही होतं, हे तुम्हाला दाखवता येईल का? उद्या दुपारी या.’

पुसून टाकलेली वस्तू होती, हे कसं दाखवायचं? सांगा बरं. मी त्या दिवशी जेवलो नाही. नोकरी जाईल याची भीती होती, नाही कशी म्हणू? आईच्या हातात घण होता तो माझ्या भरवशावरच सुटायचा होता. पण खरं सांगतो, त्याहून जास्त लागलं होतं ते दुसरंच. हा माणूस उद्या म्हणणार, तिथं काही नव्हतंच. आणि सगळे मान डोलावणार, कारण त्यांनाही काही दिसलं नव्हतं.

शेवटी काय झालं याची उत्सुकता असेल, तर कामाचं आधीच सांगून टाकतो. पुण्याचे दिवस हुकले. सर परदेशी गेले. पंपाला पाणी मिळायला लागलं तोवर तराजूही हातचा गेला होता. डॉक्टरेट मिळाली, पण फार उशिरा, दुसऱ्या गावी, दुसऱ्या विषयात. आणि नीट जपला तर तळाचा थर बहुतेक वेळा जिवंतच असतो, हे पुढे बाहेरच्यांनी दाखवलं. ते वाचून आनंद झाला असेल ना, असं लोक विचारतात. काय म्हणून व्हावा? माझ्या काचांवरचा थर जिवंत होता की नव्हता, हे आता मला कधीच कळणार नाही. तो मोजायच्या आधीच रांगोळीत गेला. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि मी तो जाऊही देणार नाही.

आता त्या दुपारचं. मी काचा त्याच पाटीच्या बरणीत घालून प्राचार्यांच्या खोलीत गेलो. कुंकू पुसलं नव्हतं, त्यांची बोटं त्यांना दिसू देत म्हणून. प्रमुख आधीच येऊन बसले होते, पायावर पाय टाकून. मी पहिली काच उचलली, कडेनं धरली आणि तिच्यावर ‘हाऽ’ केलं. वाफ सगळीकडे सारखी बसली. काही नाही. दुसरीवर केलं. काही नाही. प्रमुख प्राचार्यांकडे बघून गालातल्या गालात हसले. ‘जादूचे प्रयोग आहेत वाटतं,’ म्हणाले. माझ्या तोंडाला कोरड पडली. वाफ सोडायची तर तोंडात ओल तरी हवी. प्राचार्यांच्या टेबलावर तांब्या-भांडं होतं. मी न विचारता भांड्यात पाणी ओतून घेतलं आणि प्यालो. विचारण्याच्या मनःस्थितीतच नव्हतो.

तिसऱ्या काचेवर चौकोन उमटला.

पहिल्या दोन पार घासल्या गेल्या असतील, पण असिस्टंटनं कितीही घासली असेल, तरी ही काच विसरली नव्हती; थर बसला होता तिथं डोळ्यांना न दिसणारी खूण उरली होती आणि वाफ तिथं वेगळी बसत होती. चारी कोपरे उमटले, कडा सरळ, आणि कोपऱ्यात त्यांचं कुंकू. मी काच प्राचार्यांसमोर धरली. वाफ उडाली, चौकोन गेला. मी पुन्हा ‘हाऽ’ केलं. तो पुन्हा आला. पुढची काच घेतली, तिच्यावरही आला. प्राचार्य खुर्चीतून उठून टेबलावर ओणवे झाले होते.

‘आहे की हो,’ ते म्हणाले. ‘चांगला रेखीव आहे.’

प्रमुखांचा पाय खाली आला. तोंड उतरलं होतं, पण हुशार माणूस, लगेच सावरले. ‘बघू, बघू इकडे,’ म्हणाले आणि काच घ्यायला त्यांनी हात पुढे केला, त्याच सवयीनं, ज्या सवयीनं आजवर जे हवं ते उचललं होतं.

‘हात लावू नका,’ मी म्हणालो.

मी ओरडलो नव्हतो. तरी शेजारच्या खोलीत कारकुनाचा टाइपरायटर थांबला. प्रमुखांचा हात काचेपासून बोटभर अंतरावर तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट ऐकू आलं नसावं अशा चेहऱ्यानं ते म्हणाले, ‘कोणी? मी?’

‘तुम्हीसुद्धा,’ मी म्हणालो.

त्यांनी हात मागे घेतला. मग दुसराही घेतला, आणि मी काचा बरणीत भरून होईपर्यंत ते दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले.